अमाल्थियाचं डावं शिंग

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मैथिलीने काचपेटीवरचं कापड ओढून काढलं आणि ती जागच्या जागी थबकली.

पेटीतलं शिंग कलंडलेलं होतं. खालचा पितळी स्टँड खास त्याच्याच मापाने वाकवून घेतलेला. काल दुपारी शिंग त्यात असं बसलं होतं, की जणू तिथेच उगवलं आहे. आज ते एका बाजूला टेकून कसाबसा तोल सांभाळत होतं. मैथिली वाकून बघू लागली. शिंगाच्या तोंडाशी चांदीचा रुंद पट्टा होता आणि त्यावर कोरलेली एक बकरी, तिचं दूध पिणारं एक बाळ. ती बकरी मैथिलीने सहा आठवडे भिंगाखाली पाहिली होती. ती डावीकडे बघायची.

आता ती उजवीकडे बघत होती.

हायडेलबर्गच्या जुन्या भागात, नेकर नदीपासून दोन गल्ल्या आत फोग्टलिन संग्रहालय आहे. एका श्रीमंत घराण्याने जमवलेल्या वस्तूंचं, तीन खोल्यांचं. सांगलीची मैथिली तिथे पीएचडी करत होती. जुन्या वस्तू स्वच्छ करणं, त्यांची नोंद करणं, त्यांचा इतिहास शोधणं हे तिचं काम. शनिवारी दुपारी तीनला तिथलं नवं प्रदर्शन उघडणार होतं आणि त्याचा जीव म्हणजे हे शिंग. साडेतीनशे वर्षांपूर्वी आउग्सबुर्गच्या सोनाराने खऱ्या बकरीच्या शिंगाला चांदीने मढवून घडवलेलं ‘फ्युलहॉर्न’, कधीच रिकामं न होणारं शिंग.

संचालक डॉ. ब्रिंकमान धावत आले. स्टँड बनवणारी कारागीर एल्के आली. तिने हातमोजे घालून शिंग उचललं, पट्टा खिडकीशी नेऊन पाहिला आणि मान हलवली. “ही चांदी नाही. नॉयझिल्बर आहे, स्वस्तातला मिश्रधातू. सोनाराचा शिक्काही नाही. नक्कल आहे ही.”

ब्रिंकमान ऑफिसात गेले आणि एक जुनं पुस्तक घेऊन आले. फोग्टलिन घराण्याने १९३१ साली स्वतःच्या संग्रहाची सूची छापली होती. तिच्यातल्या फोटोत एक सहा वर्षांचा मुलगा हेच शिंग छातीशी धरून उभा होता. ब्रिंकमाननी पुस्तक नकलेशेजारी धरलं. तोच पीळ, तशीच उजवीकडे बघणारी बकरी.

“नक्कल या फोटोबरहुकूम आहे,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे अस्सल शिंग असंच होतं. आता तुमचे फोटो दाखवा.”

मैथिलीने लॅपटॉप उघडला. तिच्या दोनशे फोटोंमध्ये शिंगाचा पीळ उलटा होता. बकरी डावीकडे बघत होती.

“आल्झो, असं आहे तर,” ब्रिंकमान म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थंड झाला. “सहा आठवडे तुमच्या टेबलावर जे होतं, ते अस्सल शिंग नव्हतंच. ते तुमच्याकडे आल्यावर नाहीसं झालं. मग तुम्ही त्या जागी एक काहीतरी ठेवलंत, आणि ती चूक लक्षात आल्यावर काल हे दुसरं.”

“डॉ. ब्रिंकमान, शिंग आलं तेव्हा तुम्ही स्वतः पाहिलं होतं!”

“एप्रिलमध्ये. दहा मिनिटं. बकरी कुठे बघते हे मी लक्षात ठेवलं नाही.” त्यांनी पुस्तक मिटलं. “पेटीच्या दोन चाव्या आहेत. एक तुमच्याकडे, एक माझ्या ड्रॉवरमध्ये. उद्या तीन वाजता लोक येतील. तोपर्यंत शिंग परत आलं नाही, तर मी पोलिसांना फोन करीन आणि तुमच्या प्रोफेसरांना पत्र लिहीन.”

२

लीला वेबर साडेबारापर्यंत येऊन पोचली. मूळची वाईची, परळच्या कॉलेजातून गुरांची डॉक्टर झालेली, लग्न करून इकडे आली त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. ओडेनवाल्डच्या डोंगराळ गावांत तिने आयुष्यभर गाई-शेळ्यांवर उपचार केले. कुठे गुरं अचानक मरू लागली, कुणाच्या कुत्र्याला विष घातलं गेलं, की शेतकरी पोलिसांआधी तिला बोलावत. तिचे रुग्ण बोलत नसत, त्यामुळे ती बघायला शिकली होती. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. गणपतीच्या कार्यक्रमात मैथिलीशी तिची ओळख झाली होती. बकरीच्या शिंगाबद्दल विचारायला मैथिलीजवळ दुसरं होतं तरी कोण?

“आधी पाणी पी,” लीला म्हणाली. “मग पहिल्यापासून सांग. हे शिंग म्हणजे नक्की काय?”

“काकू, उद्या तीनपर्यंतच वेळ आहे आपल्याकडे.”

“म्हणूनच. काय हरवलंय ते कळल्याशिवाय शोधायचं कसं?”

दोघी प्रदर्शनाच्या पहिल्या खोलीत बसल्या. मैथिली बोलू लागली.

“ग्रीकांची गोष्ट आहे. झ्यूसचा बाप आपलीच पोरं गिळायचा, म्हणून आईने त्याला क्रीटच्या गुहेत लपवलं. तिथे अमाल्थिया नावाच्या बकरीने त्याला दूध पाजून वाढवलं. खेळता खेळता त्याच्या हातून तिचं एक शिंग मोडलं. मग त्यानेच वर दिला, की या शिंगात जे मागाल ते भरेल आणि ते कधी रिकामं होणार नाही. दुसरी एक गोष्ट आहे, त्यात ते नदीच्या देवाचं शिंग असतं. पण मला बकरीचीच आवडते. देवांचा राजा, आणि त्याला वाढवलं कोणी, तर एका बकरीने!”

“आपल्या अक्षय्यपात्रासारखं.”

“हो, पण हे पात्र चालत आपल्याकडेही आलंय. या बघा.” तिने भिंतीवरचे मोठे केलेले फोटो दाखवले. “रोमन देवतांच्या हातात शिंग. तिथून कुषाणांच्या नाण्यांवर, अर्दोक्षो देवीच्या हातात. मग समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर, सिंहासनावर बसलेल्या देवीच्या हातात, हे बघा, तेच शिंग. पुढच्या राजांच्या नाण्यांवर शिंग जातं आणि कमळ येतं. म्हणजे आपली लक्ष्मी. एका बकरीचं मोडलेलं शिंग, काकू, आणि दोन हजार वर्षं माणसं ते एकमेकांच्या हातात देत आली. कोणी खाली ठेवलं नाही.”

लीलाने वाकून ते नाणं जवळून पाहिलं.

“आणि ते शेवटचं काय आहे?” तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे रंगीत पुठ्ठ्याचे उंच शंकू उभे होते.

“शूलट्यूटं. इथे पोरांना शाळेच्या पहिल्या दिवशी खाऊने भरून देतात ना, ते. ही प्रथा या शिंगावरूनच आली असं सिद्ध झालेलं नाही, तसं मी पाटीवर लिहिलंय. पण आकार बघितला की माणसाला तेच आठवतं. चार पिढ्यांचे चार शंकू मागवले होते.”

लीलाने मोजले. शंकू तीन होते.

ती उठली. “चल,” एवढंच म्हणाली. “आता ते खोटं शिंग दाखव.”

३

नक्कल ब्रिंकमानच्या ऑफिसात, टेबलावर फेल्टच्या तुकड्यावर ठेवली होती. लीलाने चष्मा कपाळावर सरकवला, हातमोजे चढवले आणि शिंग दोन्ही हातांत घेतलं, वासराचं डोकं धरावं तसं.

“बकरी सहा-सात वर्षांची होती,” ती म्हणाली. “या वळ्या वयाच्या. शिंग ताजं आहे, फार तर वर्षभरापूर्वीचं. कोरणाऱ्याचा हात मात्र चांगला आहे. दीड-दोन महिन्यांचं काम.”

“ते आम्हालाही माहीत आहे, फ्राउ डॉक्टर,” ब्रिंकमान म्हणाले.

“आणि हे उजवं शिंग आहे.”

“म्हणजे?”

“बकरीला दोन शिंगं असतात. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी ती उजव्या पायाची होते का? तसंच. दुसऱ्या बाजूने पाहिलंत तर वळण उलटं दिसेल, पण पीळ उलटणार नाही. मैथिलीच्या फोटोंत डावं शिंग आहे. हे उजवं. तुमच्या पुस्तकातलंही उजवं.”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” ब्रिंकमान टेबलावर बोट आपटत म्हणाले. “मीही तेच म्हणतोय. पुस्तक नव्वद वर्षांपूर्वीचं आहे. ते खोटं का बोलेल?”

लीलाने शिंग सावकाश फिरवलं. पट्ट्याच्या पुढच्या भागावर बकरी आणि बाळ होतं. मागच्या भागावर नुसती वेलबुट्टी, एकाच नक्षीची, पुन्हा पुन्हा.

“मैथिली, तुझ्या शिंगावर मागे काय होतं?”

“मोडलेलं शिंग हातात घेऊन बसलेला बालझ्यूस. आणि बकरी त्याला चाटतेय.” मैथिलीने त्या वेलबुट्टीकडे बोट दाखवलं. “सगळ्यात सुंदर भाग तोच होता. शिंग मोडलं त्याच्या हातून, आणि समजूत तीच काढतेय त्याची.”

लीलाने पुस्तक ओढून घेतलं. फोटोतला मुलगा पाठीवर चामडी दप्तर, डोक्यावर टोपी, अंगात नवा कोट घालून ताठ उभा होता. खाली छापलं होतं, ‘कार्ल, शाळेचा पहिला दिवस, ईस्टर १९३१.’ शिंगाच्या तोंडातून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या डोकावत होत्या. लीला शिंगाकडे बघत नव्हती. ती मुलाच्या छातीकडे बघत होती.

“डॉ. ब्रिंकमान, जरा उभे राहा.”

“काय?”

“राहा तर खरं. तुमच्या कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत?”

त्यांनी खाली पाहिलं. “उजव्या.”

“पुरुषांची उजवीकडे, बायकांची डावीकडे. तुमच्याकडे शिंप्यांचा हा नियम किती जुना आहे? आता कार्लचा कोट बघा.”

कार्लच्या कोटाची बटणं डाव्या बाजूला होती.

“कदाचित बहिणीचा कोट असेल,” ब्रिंकमान म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता.

“शाळेच्या पहिल्या दिवशी, फोटोग्राफरला घरी बोलावून, या श्रीमंत घरातल्या मुलाला बहिणीचा कोट?” लीलाने मान हलवली. “तेव्हा फोटो काचेवर यायचे. छापताना काच पालथी पडली, की सगळं उलटं. मुलगा उलटा, कोट उलटा, शिंगही उलटं. नव्वद वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण फोटोत एकही अक्षर नाही. अस्सल शिंग डावं आहे. मैथिलीच्या टेबलावर होतं तेच.”

मैथिलीने पुस्तक जवळ ओढून ती बटणं स्वतः पाहिली.

“आणि याचा अर्थ आणखी एक निघतो,” लीला पुढे म्हणाली. “ज्याने ही नक्कल करवून घेतली, त्याच्याकडे फक्त हा फोटो होता. मागे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून वेलबुट्टी. बकरी उलटी आहे हेही माहीत नव्हतं. कारागिराने हा फोटो पाहून प्रामाणिकपणे उजवं शिंग निवडलं. ते दीड-दोन महिने खरं शिंग कुठे होतं? मैथिलीच्या टेबलावर. ती त्याची नक्कल करवती तर दोनशे फोटो हाताशी होते. एल्केने त्याचं माप घेतलं होतं. आणि तुम्ही, डॉ. ब्रिंकमान, कधीही जिना उतरून मोबाइलवर फोटो काढू शकत होता. तुम्ही तिघंही सुटलात.”

“पण मग राहिलं कोण?” ब्रिंकमान म्हणाले. “या पुस्तकाच्या प्रती बाजारात गेल्याच नाहीत. एक इथे आहे आणि एक...”

त्यांनी पुस्तकावर छापलेलं घराण्याचं नाव पुन्हा वाचलं.

दारात एल्के उभी होती. लीलाने वळून तिला विचारलं, “काल दुपारी इथे कोण कोण आलं होतं?”

“विश्वस्त आणि फोग्टलिन कुटुंब. चार वाजता कॉफी-केक होता. पिशव्या सगळ्यांच्या खाली लॉकरमध्ये ठेवल्या होत्या, मीच बघत होते. अलार्म उद्या सुरू होणार ना, म्हणून.”

“आणि तो चौथा शंकू?”

“तो? तो फेलिक्स फोग्टलिननी आणला होता, त्यांच्या मुलीचा. पण जाताना परत घेऊन गेले. म्हणाले, मुलीला मंगळवारी शाळेत लागेल, बुधवारी आणून देतो.” एल्के बोलता बोलता थबकली. तिने आपले दोन्ही हात हवेत लांब केले, शंकूच्या उंचीएवढे, आणि मग तिची नजर टेबलावरच्या शिंगाकडे गेली.

४

शनिवारी सकाळी लीला आणि मैथिली पहिल्या गाडीने फ्रँकफुर्टला आणि तिथून एस-बान या लोकलने एश्बॉर्नला, फेलिक्सच्या घरी गेल्या. आदल्या रात्री उशिरापर्यंत ब्रिंकमान याला तयार नव्हते; शेवटी त्यांनी जाऊ दिलं ते एका अटीवर. फेलिक्स हे विश्वस्त मंडळावर होते, तेव्हा पुराव्याशिवाय त्यांच्यावर आरोप नको. “माझ्यावर मात्र चालला,” एवढंच मैथिली म्हणाली होती, आणि ब्रिंकमाननी नजर खाली घातली होती.

“त्याचं शिंग होतं तर त्याने ते दिलंच का?” गाडीत लीलाने विचारलं.

“त्याने नाही दिलं. त्याच्या आत्याने. तीस वर्षं तिने ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. गेल्या वर्षी ती वारली आणि मृत्युपत्रात संग्रहालयाला देऊन गेली.”

“म्हणजे फेलिक्सने ते शेवटचं पाहिलं, तेव्हा तो पोरच असणार.”

दार स्पृहाने उघडलं. फेलिक्सची बायको, मूळ ठाण्याची, गणपतीच्या कार्यक्रमांतून दोघींच्या ओळखीची. “अय्या, लीलाकाकू! मैथिली, तू पण? आज तर उद्घाटन आहे ना तुमचं? या ना, आत या. मी पोहे टाकतेच आहे.”

टेबलाशी सहा वर्षांची अनन्या कागदावर स्वतःचं नाव लिहीत बसली होती. लीलाने तिच्याशेजारची खुर्ची ओढली.

“काय गं, शाळा कधी सुरू?”

“आम डीन्सटाग,” अनन्या मान वर न करता म्हणाली.

“मंगळवारी? अरे वा. आणि तुझी शूलट्यूटं कुठेय? मला दाखव की.”

“डार्फ इश निश्ट,” ती गंभीरपणे म्हणाली. मला परवानगी नाही.

“फेलिक्सने कपाटावर ठेवलीये,” स्पृहा कढईत मोहरी टाकत म्हणाली. “मंगळवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणे. मलासुद्धा नाही. काहीतरी सरप्राइज आहे बाबाचं.”

तेवढ्यात फेलिक्स आतून आला. उंच, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने मैथिलीला पाहिलं आणि तो दारातच उभा राहिला.

“फेलिक्स,” लीला जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली, “नकली शिंगाचा पीळ उलटा आला आहे. तुमच्या आजोबांचा फोटो उलटा छापला गेलाय.”

फेलिक्सने नाकारलं नाही. तो हळूच सोफ्याच्या हातावर बसला. स्पृहाने गॅस बंद केला. “काय झालं? कसलं शिंग?”

“अनन्या, तू तुझ्या खोलीत जा,” फेलिक्स म्हणाला. ती गेल्यावर त्याने खोलीचं दार लावून घेतलं. मग बोलू लागला. “आमच्या घरात पाच पिढ्या शाळेच्या पहिल्या दिवशी पुठ्ठ्याचा शंकू नाही, ते शिंग देत आले. आजोबा कार्ल, मग वडील, मग मी. मी इतका लहान होतो, की मला वाटलं आत तळच नाही. नंतर आत्याने ते कुलपात टाकलं. मार्चमध्ये मी संग्रहालयाला पत्र लिहिलं, एक दिवसासाठी द्या, पाहिजे तर सोबत माणूस पाठवा. एका ओळीचं उत्तर आलं. वस्तू आता संग्रहालयाची आहे आणि हाताळता येणार नाही. मग मी ओडेनवाल्डमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याला सांगितलं, घरातली आठवण म्हणून हवंय. त्याचा काही दोष नाही.”

“ड्रॉवरमधली चावी?”

“मी विश्वस्त आहे. कुठे असते मला माहीत होतं. सगळे कॉफीला बसल्यावर शंकूतली नक्कल पेटीत ठेवली आणि अस्सल शिंग शंकूत घातलं. बुधवारी चौथा शंकू परत नेऊन देताना अस्सल शिंग जागेवर ठेवणार होतो. सहा दिवसांचा प्रश्न होता. वाटलं, कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“पण कळलं,” मैथिली म्हणाली.

आता ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. “डॉ. ब्रिंकमाननी काल सगळ्या विश्वस्तांना फोन केला होता. तुम्हाला किती वाजता आला?”

फेलिक्सने ओठ चावला. “साडेअकराला.”

“आत्ता साडेनऊ वाजलेत. बावीस तास. संशय माझ्यावर आहे हे सांगितलं ना त्यांनी?”

“हो.”

“माझी नोकरी या संग्रहालयाच्या करारावर आहे. माझा इथे राहण्याचा परवाना त्या करारावर आहे. चोर म्हणून एकदा पत्र गेलं असतं, तर युरोपातल्या एकाही संग्रहालयाने मला आत घेतलं नसतं. ते शिंग मी किती जपलंय तुम्हाला माहीत आहे? मी श्वास रोखून त्याला ब्रश लावायचे. आणि तुम्ही बावीस तास गप्प बसलात. मुलीच्या खाऊसाठी.”

स्पृहा ओट्याला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

“मी घाबरलो,” फेलिक्स अखेरीस म्हणाला. “माफी मागण्याचासुद्धा मला अधिकार नाही.”

“मला माफी नकोय,” मैथिली म्हणाली. “गाडी काढा. तुम्ही माझ्याबरोबर येताय, आणि हे सगळं तुम्हीच त्यांना सांगताय.”

तो उठला. आतल्या खोलीतून त्याने निळ्या पुठ्ठ्याचा तो शंकू आणला आणि वरची रिबीन सोडली. क्रेप कागदाच्या आत, मुलीच्या जुन्या मऊ पांघरुणात गुंडाळलेलं शिंग होतं. मैथिलीने ते दोन्ही हातांनी घेतलं, पट्टा उजेडात धरला.

बकरी डावीकडे बघत होती. आणि मागच्या बाजूला ती त्या चूक झालेल्या पोराला चाटत होती.

५

गाडी स्पृहाने चालवली. फेलिक्स तिच्याशेजारी बसला. मैथिली शिंग मांडीवर घेऊन मागे बसली आणि हायडेलबर्ग येईपर्यंत तिने ते कोणाच्याही हाती दिलं नाही.

ब्रिंकमानच्या ऑफिसात फेलिक्सने सगळं लेखी दिलं, सही केली आणि विश्वस्तपदाचा राजीनामाही त्याच कागदाखाली लिहिला. ब्रिंकमाननी तो दोनदा वाचला. “पोलिसांत द्यायचं की नाही ते मंडळ ठरवेल,” ते म्हणाले. “मार्चचं ते एका ओळीचं उत्तर माझं होतं. त्याने तुमचा गुन्हा लहान होत नाही. पण ते उत्तर वाईट होतं.” मग ते मैथिलीकडे वळले. “आजचं संकट टळलं आहे. पाहुण्यांना यातलं काही कळायची गरज नाही, असं मला वाटतं.”

“त्यांचं नाव कळायची गरज नाही,” मैथिली म्हणाली. “माझं मात्र काल या इमारतीत सगळ्यांना कळलं. दारावरच्या माणसापासून.”

ब्रिंकमाननी फेलिक्सचा कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

तीन वाजता तिन्ही खोल्या माणसांनी भरल्या. शिंग आपल्या स्टँडमध्ये नीट बसलं होतं. ब्रिंकमान पुढे झाले, खिशातून भाषणाचा कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला.

“काल मी माझ्या एका सहकाऱ्यावर पुराव्याशिवाय अतिशय गंभीर आरोप केला,” ते म्हणाले. “मी एका छापील फोटोवर विश्वास ठेवला आणि सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून काम केलेल्या माणसावर ठेवला नाही. मी चुकलो. या शिंगाबद्दल बोलायचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांचा आहे.”

मैथिलीने यातलं काहीच तयार केलं नव्हतं. पहिल्या जर्मन वाक्यात तिच्याकडून नामाचं लिंग चुकलं, दुसऱ्यात क्रियापद. मग तिने लोकांकडे बघायचं सोडून बकरीकडे पाहिलं आणि ती बोलत गेली. क्रीटच्या गुहेपासून आउग्सबुर्गच्या त्या सोनारापर्यंत. त्याने शिंगाची एकही नैसर्गिक वळी घासून काढली नव्हती, चांदी शिंगाला वळवली होती, शिंग चांदीला नाही. “त्याला बकरीबद्दल आदर होता,” ती म्हणाली. मागच्या रांगेत लीला भिंतीला टेकून उभी होती. हे ऐकताना तिने चष्मा काढून पुसला. आयुष्यभर तिने शिंगं कापली होती, बांधली होती, जखमांवर पट्ट्या केल्या होत्या. एका शिंगासमोर दीडशे माणसं अशी गप्प उभी राहिलेली ती प्रथमच बघत होती.

गर्दी ओसरल्यावर मैथिली ब्रिंकमानकडे गेली. “सोमवारी संग्रहालय बंद असतं,” ती म्हणाली. “मला एक तास हवाय. मी स्वतः हजर असेन, शिंग माझ्या हातात असेल, आत कागदाचं अस्तर असेल.”

“कशासाठी?” त्यांनी विचारलं, आणि मग त्यांना समजलं. “त्यांनी तुमच्याशी असं वागल्यावरही?”

“त्यांच्यासाठी नाही.”

“तांत्रिकदृष्ट्या हे नियमात बसत नाही.”

“नाही बसत,” मैथिली म्हणाली आणि थांबून राहिली.

ब्रिंकमाननी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यातली मुख्य दाराची चावी सोडवून तिच्या हातावर ठेवली.

सोमवारी सकाळी स्पृहा अनन्याला घेऊन आली. फेलिक्स त्यांना सोडून समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही.

मैथिलीने आदल्या दिवशी बाजारात जाऊन खाऊ आणला होता. चॉकलेटं, गमी बेअर, रंगीत खडू, लीलाने घरी केलेल्या तिळाच्या वड्या, एक छोटं खोडरबर. पेटी उघडून तिने शिंग बाहेर काढलं, अस्तर घातलं, एकेक वस्तू आत सोडली आणि गुडघ्यांवर बसून शिंगाचं तोंड मुलीसमोर धरलं.

“घे,” ती मराठीत म्हणाली.

अनन्याने आईकडे पाहिलं, मग हात आत घातला. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. एक वडी निघाली, एक खडू, मग चॉकलेट. ती ते जमिनीवर मांडत गेली आणि पुन्हा हात घालत गेली, आणि दर वेळी तिचे डोळे जास्त मोठे होत गेले.

“दा इस्ट नोख वास ड्रिन!” ती ओरडली. अजून आहे आत!

मैथिलीने शिंग थोडं तिरकं केलं. सहा आठवडे तिने ते मोजलं होतं, पुसलं होतं, दोनशे वेळा त्याचा फोटो काढला होता. भरलेलं मात्र ती आज पहिल्यांदाच बघत होती.